अर्धा वाघ, पुरी ओळख

उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा काही भाग भंडारा जिल्ह्यात येतो. नागझिऱ्याहून इथे आलेला ‘जय’ हा नामांकित वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला. वाघाची ओळख पटते ती पट्ट्यांवरून. दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे, म्हणून वाटेच्या दोहों बाजूंना समोरासमोर कॅमेरे बांधतात.

पट्टे उमटतात कसे? ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलेलं गणित असं: एक रसायन स्वतःला वाढवतं, दुसरं त्याला आवरतं. आवरणारं जास्त वेगाने पसरलं, की सपाट एकरंगी पृष्ठभागावर आपोआप नक्षी तयार होते. शुनइची अमारी यांनी १९७७ मध्ये मेंदूसाठी असंच समीकरण मांडलं. जवळच्या पेशींना चेतवायचं, लांबच्यांना दाबायचं; मग उत्तेजनेचा एक पुंजका उभा राहतो आणि बाहेरचा इशारा थांबला तरी टिकतो, म्हणजे आठवण बनतो. माझ्या मते गंमत इथेच आहे: नक्षी आणि आठवण यांची घडण एकाच जातीची.

जॉन हॉपफिल्डचं १९८२ चं कृत्रिम मेंदूपेशींचं जाळं (२०२४ चं नोबेल मिळालं ते याच कामासाठी) आठवण पेशींमधल्या जोडण्यांत साठवतं. गवताआडचा अर्धाच वाघ दाखवा, पेशी एकमेकींना सावरत पुरा वाघ उभा करतात. कॅमेऱ्यांतले वाघांचे फोटो जुळवणारी सॉफ्टवेअर मात्र वेगळ्या रीतीने चालतात. शिवाय हॉपफिल्डच्या जाळ्याचं पोट लहान: शंभर पेशींमागे जेमतेम चौदा चित्रं. त्याहून जास्त कोंबली, की चित्रं एकमेकांत मिसळतात आणि कधी न शिकवलेलाच वाघ समोर येतो.