जून कोंबडीचे इटालियन कालवण

कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यास 'लेगहॉर्न' हे नाव परके नाही. इटलीच्या तोस्काना प्रांतात लिव्होर्नो नावाचे बंदर आहे. इंग्रज लोक त्यास लेगहॉर्न म्हणत, व त्यावरूनच या जातीस हे नाव मिळाले. पांढऱ्या कवचाची पुष्कळ अंडी देणारी, बेताचे खाणारी व सहसा खुडूक न बसणारी म्हणून ही कोंबडी जगभर पसरली. परंतु तिच्या अंगावर मांस थोडे असते, आणि अंडी देण्याचे दिवस सरले की तेही चिवट होते. साहजिकच अशी कोंबडी पडेल त्या भावाने विकली जाते. तिचे घरच्या घरी रुचकर अन्न करता येईल असे एक कालवण तिच्या मायदेशातच आहे. त्यास 'पोल्लो आल्ला काच्चातोरा', म्हणजे शिकाऱ्याच्या पद्धतीची कोंबडी, असे म्हणतात.

मध्य इटलीत शेकडो वर्षे अर्धेलीची शेती होती. पिकाचा निम्मा वाटा जमीनमालकाकडे जाई. शिवाय करारानुसार ठराविक अंडी व कोंबड्याही द्याव्या लागत. असे नवे करार करण्यास तेथील कायद्याने 1964 साली बंदी घातली. कोंबड्यांची निगा घरच्या स्त्रीकडे असे. अशा घरी कोंबडी कापावयाची ती विचारपूर्वकच, आणि कापली की तिचा कणही वाया जाऊ द्यावयाचा नाही. पेलेग्रीनो आर्तूझी यांनी 1891 साली फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध केलेल्या पाकशास्त्राच्या ग्रंथातही हे कालवण आहे; त्यात कांदा, तांबडी द्राक्षमदिरा व टोमॅटो एवढाच मुख्य सरंजाम आहे.

कोंबडीची निवड

अंडी देणे थांबलेल्या कोंबडीचा तुरा फिकट, कोरडा व आखडलेला दिसतो. तिचे गुदद्वार कोरडे व आकुंचित असते, आणि त्यालगतच्या दोन हाडांमध्ये दोन बोटेही मावत नाहीत. मात्र पिसे झडण्याच्या काळात चांगली कोंबडीदेखील काही आठवडे अंडी देत नाही. तेव्हा घाई करून दुभते जनावर कापण्यासारखी चूक करू नये. आजारी कोंबडी खाण्यासाठी वापरू नये. औषध दिले असल्यास वेष्टनावर सांगितलेले दिवस पूर्ण झाल्यावाचून ती कापू नये.

चिवट मांस मऊ कसे होते?

वय वाढते तसे मांसातील धाग्यांना बांधून ठेवणारे तंतू बळकट होतात. ते भडक आचेने सैल होत नाहीत. उलट मांस आकसते व त्यातील रस निघून जातो. तेच मांस झाकण घालून, थोड्या पाण्यात, मंद आचेवर दीर्घकाळ ठेवले तर हे तंतू विरघळतात व रश्श्यास आपोआप दाटपणा येतो. या पद्धतीने शिजविल्यास जून कोंबडीचा रस्सा कोवळ्या कोंबडीपेक्षा अधिक चवदार होतो.

साहित्य

साफ केलेली एक कोंबडी (सुमारे 1 किलो), पिकलेले टोमॅटो 500 ग्रॅम, मध्यम कांदे 2, गाजर 1, लसणाच्या पाकळ्या 5, तेल 3 मोठे चमचे, व्हिनेगर 2 मोठे चमचे, मीठ व मिरपूड. इटलीत ऑलिव्हचे तेल व रोझमेरीची काडी घालतात. आपल्याकडे शेंगदाण्याचे तेल चालेल. द्राक्षमदिरेऐवजी येथे व्हिनेगर घेतले आहे.

कृती

कोंबडीचे आठ-दहा तुकडे करून त्यांस मीठ व मिरपूड चोळावी. जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून तुकडे दोन्ही बाजूंनी तांबूस परतावेत व काढून ठेवावेत. त्याच तेलात चिरलेला कांदा व गाजर मऊ होईपर्यंत परतून लसूण घालावा. व्हिनेगर अर्ध्या वाटी पाण्यात मिसळून ओतावे आणि बुडाशी लागलेले खरवडून घ्यावे. चव त्यातच असते. मग उकळत्या पाण्यात बुडवून सोललेले व चिरलेले टोमॅटो घालावेत. तुकडे परत पातेल्यात ठेवून ते निम्मे बुडतील इतके गरम पाणी घालावे.

झाकण ठेवून मंद आचेवर दोन ते अडीच तास शिजू द्यावे. रस्सा खळखळून उकळू नये. अर्ध्या-अर्ध्या तासाने तुकडे उलटावेत व पाणी कमी वाटल्यास गरम पाण्याची भर घालावी. मांस हाडापासून सहज सुटू लागले की कालवण झाले असे समजावे. शेवटी झाकण काढून रस्सा दहा मिनिटे आटवावा. कोवळ्या ब्रॉयलर कोंबडीस पाऊण तास पुरतो. इंधन वाचवावयाचे असल्यास प्रेशर कुकरचा उपयोग करावा. त्यात जून कोंबडी सुमारे अर्ध्या तासात शिजते.

इटलीत हे कालवण पावाबरोबर, तर उत्तरेकडे मक्याच्या पिठाच्या घट्ट पोलेंताबरोबर खातात. ज्वारीच्या भाकरीशीही ते चांगले लागते.

सावधगिरी

कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या थेंबांबरोबर रोगजंतू ओट्यावर व भांड्यांवर पसरतात. मांस कापलेली सुरी व पाट भाजीस वापरण्यापूर्वी साबणाने स्वच्छ करावेत आणि हातही धुवावेत. उरलेले कालवण दोन तासांच्या आत थंड जागी, शक्य तर शीतकपाटात ठेवावे व खाण्यापूर्वी पुन्हा चांगले उकळावे.

टोमॅटोचा भाव उतरलेला असतो त्या दिवसांत या कालवणास लागणारा बहुतेक जिन्नस शेतकऱ्याच्या घरीच असतो. एका कोंबडीत चार-पाच माणसांचे जेवण होते. म्हणून अंडी थांबलेली कोंबडी व्यापाऱ्याच्या हवाली करण्यापूर्वी तिचा मिळणारा भाव आणि घरच्या पानात पडणारे सकस अन्न यांची तुलना गृहिणीने अवश्य करून पाहावी.