शहर आणि वाहतूक : संरक्षित सायकल ट्रॅक

रस्त्याच्या कडेला रंगाने आखलेला सायकलचा पट्टा गाड्यांना अडवू शकत नाही. तिथे रिक्षा, टेम्पो, दुचाक्या उभ्या राहतात आणि सायकलस्वाराला त्यांना वळसा घालताना नेमके वेगवान वाहनांपुढे यावे लागते. संरक्षित ट्रॅकमध्ये मधे कर्बस्टोन, झाडांची ओळ किंवा पार्किंगची रांग असते. नाहीतर ट्रॅकच पदपथाच्या उंचीला घेतलेला असतो.

ही आडकाठी लागते ती वेगातल्या फरकामुळे. सायकल ताशी साधारण 15 किलोमीटरने चालते, मोठ्या रस्त्यावरची मोटार 50 ने. मोटारीचा वेग 25 वरून 50 वर गेला की तिची गतिज ऊर्जा चौपट होते. गल्लीबोळात वेग मुळातच कमी असतो, तिथे स्वतंत्र ट्रॅकवर खर्च करण्याचे कारण नाही.

खरी कसोटी चौकात लागते. आपल्याकडे डावीकडे वळणारी बस सरळ जाणाऱ्या सायकलच्या आडवी येते आणि वळताना चालकाला आरशात सायकल बरेचदा दिसतच नाही. नेदरलँड्समध्ये, जिथे वाहने उजवीकडून चालतात, चौकाच्या कोपऱ्यात छोटे बेट बांधतात. त्यामुळे वळण आवळते, गाडी मंदावते आणि सायकलचा मार्ग जवळजवळ काटकोनात ओलांडते; सायकलस्वार चालकाच्या थेट नजरेत येतो. सायकलची थांबण्याची रेषाही मोटारींच्या पुढे असते. चौक आला की ट्रॅक संपवून टाकणारा आराखडा सायकलस्वाराला सर्वांत धोक्याच्या जागी एकटे सोडतो.

एकच देखणा मार्ग बांधूनही भागत नाही. 1970 च्या दशकात हेग आणि टिलबर्ग या डच शहरांनी तसा प्रयोग केला. आसपासच्या रस्त्यांवरचे सायकलस्वार नव्या मार्गावर आले, पण शहरातले एकूण सायकल चालवणे फारसे वाढले नाही. डेल्फ्टने पुढे शहरभर जाळे विणले, तेव्हा वाढ दिसली. स्पेनमधल्या सेव्हिलने 2006-07 मध्ये सुमारे 80 किलोमीटरचे, एकमेकांना जोडलेले ट्रॅक एका दमात बांधले. त्यासाठी बरीचशी जागा मोटारींच्या पार्किंगमधून काढली. 2010 पर्यंत जाळे सुमारे 120 किलोमीटरचे झाले आणि रोजच्या सायकलफेऱ्या काही हजारांवरून सुमारे 70 हजारांवर गेल्या. सेव्हिलमध्ये उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. ‘आपल्याकडे ऊन फार’ ही सबब तिथे तरी टिकली नाही.

पुण्यात बीआरटीबरोबर (बससाठी राखीव मार्गिका) सातारा रस्त्यासारख्या ठिकाणी सायकल ट्रॅक झाले, पण तुटक. मधेच झाड, विजेची डीपी पेटी, बसथांबा. पेव्हर ब्लॉक खचलेले. दुचाक्या शिरू नयेत म्हणून तोंडाशी खांब रोवण्याचा उपायही फसवा आहे. सायकल आणि स्कूटर यांच्या हँडलच्या रुंदीत फार फरक नसतो. सायकल सुटेल एवढ्या फटीतून स्कूटरही बहुधा सुटते, अडकते ती अपंगांची तीनचाकी. कर्ब, प्रकाश आणि नियमित कारवाई यांचा उपयोग अधिक होतो.

पुणे महापालिकेने 2017 मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. तो राबवताना नवे किलोमीटर मोजण्याआधी जुने तुकडे जोडणे आणि चौक दुरुस्त करणे, हाच क्रम योग्य ठरतो.