प्रकाशसंरक्षण, वनस्पतींतील

गरजेपेक्षा अधिक शोषल्या गेलेल्या प्रकाशऊर्जेपासून प्रकाशसंश्लेषणाच्या यंत्रणेचा बचाव करणाऱ्या वनस्पतींतील प्रक्रियांना ही संज्ञा देतात. वनस्पतीला प्रकाश अत्यावश्यक असला, तरी शोषलेला सर्व प्रकाश तिला वापरता येत नाही. गहू, भात, सोयाबीन इ. पिकांच्या पानांतील प्रकाशसंश्लेषणाचा वेग पूर्ण सूर्यप्रकाशाच्या सु. एक चतुर्थांश ते निम्म्या तीव्रतेलाच कमाल मर्यादेजवळ पोहोचतो. त्यापुढेही हरितद्रव्य प्रकाश शोषतच राहते. पाण्याचा तुटवडा किंवा थंडी असल्यास ही मर्यादा आणखी खाली येते. शिवाय ढग सरकल्याने वा वरची पाने वाऱ्याने हलल्याने पानावरील प्रकाश काही सेकंदांत अनेक पटींनी बदलतो.

हानीचे स्वरूप : उत्तेजित हरितद्रव्याची ऊर्जा रासायनिक विक्रियांत वापरली जाते, उष्णतेत रूपांतरित होते किंवा अल्पांशाने अनुस्फुरणाद्वारे लाल प्रकाश म्हणून बाहेर पडते. हे मार्ग अपुरे पडल्यास हरितद्रव्याचे काही रेणू अधिक काळ टिकणाऱ्या ट्रिप्लेट अवस्थेत जातात व त्यांच्यापासून ऊर्जा मिळून सिंग्लेट ऑक्सिजन हे अतिशय विक्रियाशील रूप तयार होते. त्यामुळे पटलांतील वसा, रंगद्रव्ये व प्रथिने यांना इजा पोहोचते. प्रकाशप्रणाली–२ मधील डी–१ हे प्रथिन विशेष हानिप्रवण असून ते सतत काढून टाकले जाते व त्याच्या जागी नवे बसविले जाते. हानीचा वेग दुरुस्तीच्या वेगाहून अधिक झाला की प्रकाशसंश्लेषण मंदावते. यास प्रकाशनिरोध म्हणतात.

शोषण कमी करणे : पाण्याच्या ताणाखाली घेवड्याची पर्णदले सूर्यकिरणांना समांतर होतात. आंब्याच्या कोवळ्या पालवीतील तांबूस अँथोसायनिने प्रकाशाचा काही भाग अडवितात, असे मानतात. कोशिकेत हरितकणूही जागा बदलतात. मंद प्रकाशात ते पानाच्या पृष्ठभागाला समांतर असलेल्या भित्तींलगत पसरतात, तर तीव्र प्रकाशात बाजूच्या भित्तींकडे सरकून परस्परांच्या सावलीत येतात. ही हालचाल निळ्या प्रकाशाने चेतविली जाते. ती करू न शकणाऱ्या उत्परिवर्तित वनस्पतींना तीव्र प्रकाशात अधिक इजा होते, असे २००२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी दाखविले.

उष्णतारूपाने उत्सर्जन : ही सर्वांत जलद योजना होय. प्रकाश वाढला की थायलाकॉइडांच्या पोकळीत प्रोटॉन साचून अम्लता वाढते. त्यामुळे पीएसबीएस हे प्रथिन काही सेकंदांत कार्यान्वित होते व शोषलेली जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निघून जाऊ लागते. त्याच अम्लतेमुळे एका एंझाइमाच्या साहाय्याने व्हायोलाझँथिनाचे काही मिनिटांत झिॲझँथिन बनते व त्यामुळे हे उत्सर्जन वाढते. प्रकाश कमी झाल्यावर दुसरे एंझाइम ही विक्रिया उलटविते. या झँथोफिल चक्राचे वर्णन हॅरी यामामोटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये केले. बार्बरा डेमिग व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये त्याचा उष्णता-उत्सर्जनाशी संबंध जोडला, तर पीएसबीएसचे कार्य २००० साली स्पष्ट झाले.

याखेरीज कॅरोटिनॉइडे ट्रिप्लेट हरितद्रव्य व सिंग्लेट ऑक्सिजन यांना निष्प्रभ करतात. ॲस्कॉर्बिक अम्ल व संबंधित एंझाइमे हायड्रोजन पेरॉक्साइडाचा नाश करतात.

कृषिविषयक महत्त्व : या संरक्षणाला किंमत मोजावी लागते. ते सुरू होण्यास सेकंद पुरतात. मात्र ओसरण्यास अनेक मिनिटे लागतात. परिणामी पानावर सावली आल्यावर, म्हणजे प्रत्येक प्रकाशकण मोलाचा असतानाही, ऊर्जा वाया जात राहते. ही पूर्वस्थिती लवकर यावी म्हणून अमेरिकेतील इलिनॉय येथे तंबाखूत तीन जनुकांची अभिव्यक्ती वाढविण्यात आली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शेतातील झाडांचे शुष्क वजन सु. १५% वाढले. सोयाबीनमध्ये अशाच बदलाने बियांचे उत्पन्न ३३ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र पीक लोळलेल्या एका हंगामात तशी स्पष्ट वाढ आढळली नाही. म्हणून संरक्षण पूर्णपणे काढून टाकणे हे या संशोधनाचे उद्दिष्ट नसून, ते वेळेवर सुरू व्हावे व वेळेवर थांबावे, हे आहे.