खड्ड्यात ज्वालामुखी शोधू नका

कोजागरीला गच्चीवर चंद्राकडे दुर्बीण लावली की रांगेतले एखादे काका डोळा लावतात आणि मागच्या पोरांना सांगून मोकळे होतात, "ती सगळी ज्वालामुखीची तोंडं बरं का. आता विझलीत." हेच वाक्य मी लोणारच्या काठावरही ऐकलंय, तेही सहल घेऊन आलेल्या एका शिक्षकांच्या तोंडून. त्यांचा पुरावा ऐकायला बिनतोड होता: चहूकडे काळा कातळ आहे, कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा, मग हे भोक ज्वालामुखीचं नाही तर कशाचं?

कातळ लाव्ह्याचा आहे, यात वादच नाही. भोक लाव्ह्याचं नाही. दख्खनचा लाव्हा वाहिला त्याला साडेसहा कोटी वर्षं होऊन गेली. लोणारच्या वयावर अजून एकमत नाही. एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षं निघालं, तर २०११ साली आर्गॉनच्या मोजणीने ५ लाख ७० हजार. पण मोठा आकडा धरला तरी खड्डा पडला तेव्हा इथला लाव्हा थिजून सहा कोटींहून जास्त वर्षं उलटली होती. विझलेल्या चुलीवर दूध उतू गेल्याचा आरोप करण्यातलाच हा प्रकार.

शिवाय दगडाची साक्ष आहे. कर्ट फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी लोणारच्या तळातून दगडाचे नमुने काढले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात निष्कर्ष छापले. त्या दगडांत मॅस्केलिनाइट सापडलं. फेल्डस्पार हे खनिज वितळण्याआधीच, निव्वळ धक्क्याने, जागच्या जागी काचेसारखं होतं, त्याला हे नाव आहे. त्यासाठी लाखो वातावरणांइतका दाब एका क्षणात यावा लागतो. ज्वालामुखीच्या तोंडाशी असा दाब कधीच येत नाही. वेगाने येऊन आदळणारा अशनी तो देतो.

एवढं सांगितलं की काका ठेवणीतला प्रश्न काढतात: "मग सगळे खड्डे गोल कसे? दगड काय नेम धरून सरळ खालीच पडतात?" प्रश्न चांगला आहे. या प्रश्नाने शास्त्रज्ञांनाही शंभरेक वर्षं दमवलं. परातीत पीठ पसरून गोटी तिरकी फेकली तर लांबट खाच पडते, हे खरंच आहे. फरक वेगाचा आहे. अवकाशातून येणारा मोठा दगड पृथ्वीवर सेकंदाला निदान ११ किलोमीटर वेगाने पोचतो, बहुतेक वेळा त्याहून जास्तच. साध्या गतिज ऊर्जेच्या सूत्रात १५ किलोमीटर घालून बघा: दगडाच्या प्रत्येक किलोमागे पंचवीसेक किलो टीएनटीची ऊर्जा निघते. असा दगड जमिनीत खाच पाडत बसत नाही, शिरताशिरता फुटतो. स्फोट चहूबाजूंना सारखा पसरतो, म्हणून खड्डा गोल. दगड जवळजवळ जमिनीला घासत आला तरच खड्डा लांबट होतो. चंद्रावरचा मेसिए हा खड्डा तसाच आहे.

काकांच्या बाजूने एक सांगायला हवं. रॉबर्ट हूकने १६६५ मध्येच ओल्या मातीत गोळ्या टाकून चंद्रासारखे खळगे पाडून पाहिले होते. पण आकाशातून इतके दगड येणार कुठून, हे न सुचल्याने त्याने तो विचार सोडला आणि अलाबास्टर नावाच्या दगडाच्या उकळत्या भुकटीतल्या बुडबुड्यांकडे वळला. पहिला लघुग्रह सापडायला १८०१ उजाडावं लागलं. पुढे ग्रोव्ह कार्ल गिल्बर्टने १८९३ मध्ये दाखवलं, की ज्वालामुखीचं तोंड डोंगराच्या माथ्यावर असतं आणि चंद्रावरच्या खड्ड्यांचे तळ मात्र भोवतालच्या जमिनीहून खोल आहेत. चंद्राचं बरोबर ओळखणाऱ्या याच गिल्बर्टने ॲरिझोनातल्या खड्ड्याचं खापर मात्र वाफेच्या स्फोटावर फोडलं. तो खड्डाही अशनीचाच निघाला.

सगळ्यात मोठी फजिती तर चंद्रावरच झाली. १९७२ च्या एप्रिलमध्ये अपोलो-१६ डेकार्ट खड्ड्याजवळच्या डोंगराळ भागात मुद्दाम उतरवलं होतं, कारण तिथले दगड ज्वालामुखीचे असणार असा नकाशे करणाऱ्यांचा अंदाज होता. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक तीन दिवस शोधत राहिले. हाताला लागले ते जवळपास सगळे आघातांनी चुरा होऊन पुन्हा सांधलेले दगड. असे पंचाण्णव किलोंच्या वर नमुने पृथ्वीवर आले आणि अंदाज मोडीत निघाला. चूक कबूल करायची तर अशी, वजनासकट.

मग चंद्रावर ज्वालामुखी झालेच नाहीत का? भरपूर झाले. पण काका बघतात त्या खड्ड्यांत ते नाहीत, ते आहेत सपाटीत. नुसत्या डोळ्यांनी ससा दिसतो ते काळे डाग म्हणजे बसाल्टची मैदानं. आधी प्रचंड आघातांनी खोलगट थाळ्या पडल्या, मग मुख्यतः तीनशे ते चारशे कोटी वर्षांपूर्वी भेगांतून पातळ लाव्हा वर येऊन त्या भरत गेला. डोंगर उभे राहिले नाहीत, जमीन सारवल्यासारखी झाली. सह्याद्रीतही बहुतांश लाव्हा असाच भेगांतून आला, थरावर थर पसरत गेला. म्हणून महाराष्ट्रात उभी हयात काढूनही आपल्याला पुस्तकातल्या चित्रासारखा शंकू कुठे दिसत नाही, आणि लाव्ह्यावर घर बांधून राहिलेली माणसं विचारतात, "आपल्याकडे ज्वालामुखी कुठे आहेत?" पायाखाली बघा.

बाकीचे गैरसमज भराभर उरकतो.

चंद्रावरच्या टायको खड्ड्याच्या मधला डोंगर ज्वालामुखीचा नाही. आघातानंतर तळ उसळून वर आला आणि तसाच राहिला. पृथ्वी चंद्राहून कमी मार खाल्लेली नाही. इथे पाऊस, नद्या आणि सरकणाऱ्या भूपट्टांनी खुणा पुसल्या, तरी दोनशेच्या आसपास खड्डे ओळखता आलेत. मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स २२ किलोमीटर उंच असला तरी सुळका नाही. त्याचा उतार जेमतेम पाच अंशांचा, चढताना दमही लागायचा नाही (हवा असती तर). तिथली चार हजार किलोमीटरची व्हॅलिस मरिनेरिस ही घळ नदीने कोरलेली नाही, मुळात तिथलं कवच ताणून फाटलं आहे. मंगळावरचा १९७६ च्या छायाचित्रातला 'चेहरा' ही सावल्यांची करामत होती; २००१ च्या स्पष्ट छायाचित्रात साधी टेकडी दिसली. यावर मी आता वाद घालत नाही. चंद्र थंडगार मेलेला आहे, हेही अर्धवटच: अपोलोने ठेवलेल्या यंत्रांनी तिथले भूकंप नोंदवले आहेत. आणि खड्डे म्हणजे ज्वालामुखी मानणाऱ्यांनी गुरूचा चंद्र आयओ बघावा. तो ज्वालामुखींनी इतका धुमसतोय की आघाताचा एकही खड्डा तिथे अजून सापडलेला नाही. पडतात तसे बुजतात.

शेवटचा गैरसमज खास आपला: पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सर्वांत छान दिसतो. खरं तर तेव्हा चंद्रावर ऊन डोक्यावर असतं, सावल्या पडत नाहीत, सगळं पांढरंफटक दिसतं. कोजागरीला दूध प्या. खड्डे बघायचे असतील तर शुद्ध अष्टमीला गच्चीवर या, मी दुर्बीण घेऊन येतो.