पिस्तुलाच्या शर्यतींत

नेमबाजी म्हटली कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें कोल्हापूरच्या राही सरनोबत यांच्यासारखी मूर्ति उभी राहते: पाय रोवलेले, श्वास आवरलेला, दृष्टि निशाणावर खिळलेली. आम्ही ज्या खेळाविषयीं लिहीत आहों त्यांत असें एका जागीं उभें राहण्याची सोय नाहीं. धांवावें लागतें, आडोशाआडून वांकून नेम धरावा लागतो, गोळ्या संपल्या तर चालतां चालतां नव्या भराव्या लागतात; आणि पंचाच्या हातांतील घड्याळ प्रत्येक क्षण मोजीत असतें. यास ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात.

या खेळाचा उगम अमेरिकेंत, दक्षिण कॅलिफोर्नियांत झाला. १९५० नंतरच्या दशकांत जेफ कूपर नांवाच्या माजी सेनाधिकाऱ्यानें तेथें पिस्तुलाचे सामने भरविण्यास आरंभ केला. त्या काळीं बहुतेक स्पर्धक एका हातानें, कमरेपासूनच गोळी झाडीत. जॅक वीव्हर हा पोलीस अधिकारी दोन्ही हातांनीं पिस्तूल डोळ्यासमोर धरून जिंकूं लागला, तेव्हां इतरांनीं त्याचेंच अनुकरण केलें. पुढें १९७६ सालीं मिसूरी संस्थानांतील कोलंबिया येथें या खेळाचें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. पोटापाण्यासाठीं आम्ही याच मिसूरींत येऊन राहिलों, आणि येथील नागरिक झाल्यावर वयाच्या पन्नाशींत एका मासिक सामन्यास नांव नोंदविलें.

पिस्तुलापेक्षां नियमांचाच अभ्यास अधिक करावा लागला. मैदानावर पिस्तूल रिकामें आणि कमरेच्या म्यानांत. पंचानें सांगितल्याखेरीज त्यास हात लावावयाचा नाहीं. तें पुसावयाचें असेल तर निराळें मेज असतें. तेथें पिस्तूल हाताळतां येतें, पण काडतुसास स्पर्श करतां येत नाहीं. नळीचें तोंड सदैव मातीच्या बांधाकडे. धांवतांना बोट चापावर नको. यांत कसूर झाली कीं सामना तेथेंच संपला. आमच्या देखत एका वृद्ध, मुरलेल्या खेळाडूची नळी वळतांना मर्यादेबाहेर गेली. पंच म्हणाला, “थांबा.” त्या गृहस्थांनीं पिस्तूल रिकामें करून दाखविलें, पंचाशीं हस्तांदोलन केलें, आणि मग दिवसभर ते इतरांच्या पुठ्ठ्यांवरील छिद्रें कागदी पट्ट्यांनीं बुजवीत राहिले.

घरची परीक्षा याहून कठीण होती. “अहो, येथें मुलांना शाळेंत बंदूकधारी शिरला तर कोठें लपावें याची तालीम देतात,” सौभाग्यवती म्हणाल्या, “आणि तुम्ही तेंच घरांत आणणार?” या प्रश्नास उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आजहि नाहीं. अखेर तडजोड झाली. पिस्तूल लोखंडी कपाटांत, काडतुसें दुसऱ्या कुलपांत, आणि सामन्याचा दिवस सोडून तें कपाट उघडावयाचें नाहीं.

कूपर यांना पुढें पुढें तक्रार वाटूं लागली कीं, आत्मसंरक्षणाची ही विद्या निव्वळ खेळ बनली. आम्हांस तिचें खेळ बनणेंच अधिक पसंत आहे. पुठ्ठा हा पुठ्ठाच राहावा. त्याच्या जागीं माणूस कल्पून गोळी झाडणाऱ्याच्या शेजारीं उभें राहावयास आम्हांस आवडणार नाहीं.

पहिल्या फेरीच्या वेळीं तोंडास कोरड पडली होती. पंच ‘सज्ज राहा’ म्हणतो. त्यानंतर यंत्राचा स्वर उमटेपर्यंतचे ते चार-दोन सेकंद परीक्षेचा निकाल ऐकण्यासारखे वाटतात. गोळ्या चोवीस. आमच्या हलक्या काडतुसांस मधल्या भागांत पांच गुण, त्याबाहेर तीन, कडेला एक. निशाण चुकल्यास दहा वजा. आम्हीं १२० पैकीं ११६ मिळविले आणि मनांत सुखावलों. पण येथें गुणांस सेकंदांनीं भागतात. आम्हांस लागले ५८ सेकंद, म्हणजे भागाकार २. आमच्यामागून आलेल्या एका महाविद्यालयीन मुलीनें ११० च गुण मिळविले, पण २० सेकंदांत, भागाकार ५.५. तिचा अंक सर्वांत मोठा, म्हणून फेरीचे पूर्ण गुण तिला. आमच्या वांट्यास त्यांचे शेंकडा ३६. हें गणित आम्हीं दोनदां करून पाहिलें!

तिची बोटें आमच्यापेक्षां फार चपळ होतीं असें नव्हे. एका निशाणाकडून दुसऱ्याकडे जाण्यांत ती वेळ दवडीत नव्हती; एक पुठ्ठा संपतांच तिचे डोळे दुसऱ्यावर पोंचलेले असत आणि पाय त्यांच्यामागून जात. आम्ही मात्र प्रत्येक गोळीनंतर छिद्र कोठें पडलें तें पाहत होतों. सुदैवानें चालण्यास पिस्तूल लागत नाहीं. तेव्हांपासून संध्याकाळीं अंगणांत खुर्च्या मांडून रिकाम्या हातांनीं आम्ही ही ये-जा करतों. शेजारी काय समजतात तें विचारलेलें नाहीं.

गेल्या महिन्यांत आमचा अंक ३ वर गेला. सौभाग्यवती त्या दिवशीं मैदानावर आल्या होत्या. आक्षेप कायम ठेवून त्यांनीं चिकटपट्ट्यांचें एक अख्खें भेंडोळें संपविलें.