स्मार्टफोनचे कुलूप आणि पोलीस तपास : तंत्रज्ञान व कायदा यांचा परस्परसंबंध

प्रस्तावना :
पत्रव्यवहार, छायाचित्रे, बँकेचे व्यवहार, आजारपणाचे अहवाल असे व्यक्तीचे बहुतांश खाजगी जीवन आज स्मार्टफोनमध्ये साठवलेले असते. त्यामुळे तपासात पोलिसांना तो महत्त्वाचा वाटणे स्वाभाविक आहे आणि नागरिकाची चिंताही तितकीच रास्त आहे. अटक केलेल्या व्यक्तीच्या फोनमधील माहिती तपासण्यासाठी सामान्यतः वॉरंट आवश्यक आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली रायली विरुद्ध कॅलिफोर्निया या खटल्यात एकमताने दिला. मात्र वॉरंट मिळाले म्हणजे फोन उघडतोच असे नाही.

तांत्रिक संरक्षण :
अॅपल कंपनीने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून फोनमधील बहुतेक माहिती वापरकर्त्याच्या पासकोडशी निगडित किल्लीने कूटबद्ध केली. हा पासकोड कंपनीलाही ठाऊक नसतो. चार अंकी पासकोडच्या शक्यता १०,००० असतात, तर सहा अंकी पासकोडच्या १०,००,०००. त्या एकामागून एक पडताळता येऊ नयेत म्हणून चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन प्रतीक्षेचा काळ वाढवत नेतो. तशी सोय निवडलेली असल्यास दहा चुकांनंतर माहिती नष्टही होते. सॅन बर्नार्डिनो येथील डिसेंबर २०१५ च्या हल्ल्यानंतर हीच बंधने दूर करणारी प्रणाली एफबीआयने न्यायालयामार्फत मागितली; अॅपलने नकार दिला. मार्च २०१६ मध्ये फोन अन्य मार्गाने उघडला गेला आणि मूळ प्रश्न अनिर्णित राहिला.

बोटाचा ठसा आणि स्मरणातील पासकोड :
भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. परंतु मुंबई राज्य विरुद्ध काथी कालू ओघड (१९६१) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बोटांचे ठसे घेणे म्हणजे अशी साक्ष नव्हे, असे ठरवले. ठसा शरीराचा भाग आहे. पासकोड मात्र मनात असतो. तो सांगण्याची सक्ती करता येईल काय, याबाबत कर्नाटक उच्च न्यायालय (२०२१) आणि दिल्लीतील विशेष सीबीआय न्यायालय (२०२२) यांनी परस्परविरोधी भूमिका घेतल्या.

या भेदामुळेच एक साधी सोय महत्त्वाची ठरते. अँड्रॉइड ९ पासून (२०१८) उपलब्ध असलेला ‘लॉकडाउन’ पर्याय निवडल्यास ठसा व चेहरा यांची ओळख तात्पुरती बंद होते. चेहऱ्याने उघडणाऱ्या आयफोनमध्ये बाजूचे व आवाजाचे बटण एकत्र दाबून धरल्यास तोच परिणाम साधतो. त्यानंतर फोन केवळ पासकोडनेच उघडतो.

निष्कर्ष :
या सोयी अभेद्य नाहीत. जुन्या प्रणालीतील त्रुटींचा लाभ घेणारी उपकरणे तपास यंत्रणांकडे असतात आणि फोनबाहेर, सर्व्हरवर साठवलेल्या प्रतींना फोनचे कुलूप लागू होत नाही. शिवाय, कुलूप मजबूत असले तरी ते उघडण्याची सक्ती कोणावर, केव्हा व कोणाच्या आदेशाने करता येईल, हे यंत्र ठरवू शकत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खाजगीपणाला मूलभूत हक्काचा दर्जा दिला. तो हक्क नागरिकाच्या तांत्रिक जाणकारीवर अवलंबून राहू नये, यासाठी स्पष्ट कायदेशीर तरतूद अगत्याची आहे.