जिल्हा मिळाला, कारभाराचे काय?

२४ ऑगस्ट २०२३ रोजी सौंसरजवळच्या जामसावळी हनुमान मंदिरात ‘हनुमान लोक’ या मंदिर-परिसर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले आणि त्याच व्यासपीठावरून मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्ह्याची घोषणा केली. ५ ऑक्टोबरला जिल्हा अस्तित्वात आला. ९ ऑक्टोबरला मध्य प्रदेश विधानसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. म्हणजे नव्या जिल्ह्याच्या वाट्याला आचारसंहितेआधीचे चारच दिवस आले. १७ नोव्हेंबरला मतदान झाले आणि सौंसर व पांढुर्णा या दोन्ही जागा विजय चौरे आणि नीलेश उइके यांनी काँग्रेसकडे राखल्या. ज्या पक्षाने जिल्हा दिला, त्याला इथल्या मतदाराने मत दिले नाही.

जिल्ह्याची मागणी मात्र खरी होती. छिंदवाडा हा क्षेत्रफळाने मध्य प्रदेशातला सर्वांत मोठा जिल्हा होता: ११,८१५ चौरस किलोमीटर, अकरा विकासखंड आणि २०११च्या जनगणनेनुसार सुमारे २१ लाख लोक. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याला जमिनीच्या अपिलासाठी सातपुड्याचा घाट चढून छिंदवाड्याला जावे लागे. बाजार, दवाखाना, कॉलेज आणि सोयरीक यांसाठी त्याचे पाय नागपूरकडे वळत. घाटाखालचा हा मराठी मुलूख १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले तेव्हा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून त्याचा व्यवहार दक्षिणेला आणि कागद उत्तरेला अशी विभागणी चालू आहे. दोन विकासखंडांचा वेगळा जिल्हा झाल्याने कलेक्टर जवळ आला, पोलीस अधीक्षक जवळ आला. दर मंगळवारच्या जनसुनवाईला अर्ज घेऊन जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा दिवस वाचला. हे मोलाचे आहे आणि ते कमी लेखू नये.

पण कलेक्टर जवळ आल्याने कारभार जवळ येतो का? नोकरीवर कोणाला घ्यायचे, ठेका कोणाला द्यायचा, रस्ता आधी कोणत्या गावाचा करायचा, पैसा कशावर खर्चायचा, या चार गोष्टी कोण ठरवतो त्यावर कारभार कोणाचा हे कळते. त्या दृष्टीने पाहिले तर पांढुर्ण्याच्या नव्या कार्यालयात ठरणाऱ्या गोष्टी फार थोड्या आहेत.

या मुलखाने याहून वेगळी व्यवस्था पाहिली आहे. भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर हा भाग पुढे मध्य प्रांतात आला आणि १८८३च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा कौन्सिल व लोकल बोर्डे आली. खरा प्रयोग झाला तो १९४८मध्ये. मध्यप्रांत-वऱ्हाडचे मंत्री द्वारकाप्रसाद मिश्र यांनी जनपद योजना आणली. जिल्ह्याऐवजी तहसील हा स्वराज्याचा घटक धरून प्रत्येक तहसिलीला एक जनपद सभा दिली आणि महसुली अधिकाऱ्यालाच तिचा मुख्य कार्यकारी अधिकारी केले. पांढुर्णा तेव्हा सौंसर तहसिलीत होता. आजचा पांढुर्णा जिल्हा म्हणजे बहुतांशी ती जुनी सौंसर तहसीलच. सौंसरकरांना मुख्यालय पांढुर्ण्याला गेल्याचे शल्य का वाटावे, ते या इतिहासातून समजते. शिवाय सौंसर छिंदवाडा-नागपूर हमरस्त्यावर आहे. त्याला नवे मुख्यालय वाट वाकडी करूनच गाठावे लागते.

जनपद सभेची ताकद किती होती हे छिंदवाड्याच्याच एका खटल्यातून दिसते. परासिया भागातल्या कोळशावर तिथल्या जुन्या स्थानिक मंडळाने टनामागे तीन पई कर बसवला होता. पुढे तो वाढत नऊ पईंवर गेला आणि जनपद सभेने तो त्याच दराने वसूल केला. कोळसा कंपन्या न्यायालयात गेल्या. सरकारची पूर्वमंजुरी न घेता केलेली वाढ बेकायदा आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला. राज्याने १९६४मध्ये ती वसुली कायदेशीर ठरवणारा कायदा केला आणि १९७०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचाही आधार काढून घेतला. कर बसवण्याची हिंमत असलेली, कंपन्यांशी वर्षानुवर्षे न्यायालयात झुंजणारी स्थानिक संस्था या जिल्ह्यात होऊन गेली. जिंकता न आल्याचे कारणही नोंदवण्याजोगे आहे: शेवटची सही वरच्या सरकारची लागत होती. आज मधल्या पायरीवरच्या संस्थेला जनपद पंचायत म्हणतात. नाव तेच आहे, पण कोळशावर कर बसवणे तर दूरच, स्वतःच्या इमारतीची डागडुजी करायलाही ती बहुतेक वेळा अनुदानाची वाट पाहते.

नेमणुकांची कहाणी सर्वांत बोलकी आहे. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायत निवडणुका घेणारे पहिले राज्य मध्य प्रदेश, वर्ष १९९४. त्यानंतर शिक्षक नेमण्याचा अधिकार खरोखरच खाली दिला गेला. १९९७च्या नियमांनुसार वर्ग तीनचे शिक्षाकर्मी जनपद पंचायतीने आणि वर्ग एक व दोनचे जिल्हा पंचायतीने नेमायचे होते. मानधन तुटपुंजे होते, निवड समित्यांमधल्या सोयऱ्याधायऱ्यांबद्दल राज्यभर तक्रारी झाल्या. त्या सगळ्या खोट्या होत्या असे कोणी म्हणणार नाही. पण शाळेत मास्तर आला नाही तर कोणाचे दार ठोठावायचे हे गावाला माहीत होते. पुढे २००१मध्ये संविदा शिक्षक आले, परीक्षा भोपाळच्या व्यावसायिक परीक्षा मंडळाकडे, म्हणजे व्यापमकडे गेली, मग अध्यापक संवर्ग झाला आणि २०१८मध्ये हे सगळे शिक्षक राज्याच्या शिक्षण सेवेत घेतले गेले. शिक्षकांना न्याय्य पगार व स्थैर्य मिळाले, ते मिळायलाच हवे होते. त्याच ओघात पंचायतीचा अधिकार मात्र पूर्ण गेला.

भोपाळकडे गेल्याने भरती स्वच्छ झाली असती तरी समाधान मानता आले असते. व्यापमचा घोटाळा २०१३मध्ये उघड झाला, २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला आणि त्या यादीत २०११ची संविदा शिक्षक परीक्षाही होती. २०२३मध्ये पटवारी भरतीचा निकाल लागला, तक्रारी उठल्या, जुलैमध्ये नेमणुका थांबवल्या गेल्या आणि न्यायमूर्ती राजेंद्रकुमार वर्मा यांच्या चौकशीनंतर पुढच्या वर्षी मोकळ्या झाल्या. पटवारी हा शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकारचा सर्वांत जवळचा माणूस. खसरा त्याच्याकडे, पीक नोंद त्याच्याकडे, गारपिटीने संत्र्याचा बहार झडला तर पंचनामा त्याचाच. सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी घरातल्या मुलाला त्या नोकरीसाठी भोपाळहून निघणाऱ्या परीक्षेत राज्यभरातल्या मुलांशी स्पर्धा करावी लागते. त्याला घरची मराठी येते हा गुण कुठल्याच रकान्यात मोजला जात नाही. मराठी बोलणाऱ्या बाईचे म्हणणे नीट समजून घेणारा पटवारी हवा, ही मागणी अवाजवी नाही.

बदल्यांचेही असेच. बदल्यांवरची बंदी उठते त्या काळात जिल्ह्याअंतर्गत बदल्या प्रभारी मंत्र्यांच्या संमतीने होतात. प्रभारी मंत्री बहुधा दुसऱ्याच जिल्ह्याचा असतो. त्याला मोहगावची शाळा आणि नांदनवाडीचे आरोग्य केंद्र कागदावरूनच ठाऊक असणार.

रस्त्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण लोकांची सर्वांत जास्त दमछाक तिथे होते. पांढुर्ण्यावरून जाणारा बैतूल-नागपूर मार्ग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४७. सौंसरवरून जाणारा छिंदवाडा-सावनेर मार्ग म्हणजे ५४७. हे दोन्ही केंद्राचे. राज्यमार्गांचा मोठा भाग मध्य प्रदेश रस्ते विकास महामंडळाकडे. जिल्हा मार्ग लोकनिर्माण विभागाकडे. २५ डिसेंबर २०००पासूनच्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतले रस्ते ग्रामीण सडक विकास प्राधिकरणाकडे. त्या योजनेच्या लोकसंख्येच्या अटीत न बसलेल्या लहान गावांसाठी २०१०मध्ये मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आली, ती ग्रामीण यांत्रिकी सेवेकडे. मंडी बोर्डही रस्ते बांधते. गावातली गल्ली ग्रामपंचायतीची, शहरातली नगरपालिकेची. संत्री भरलेली गाडी बागेतून निघून महामार्गाला लागेपर्यंत तीन-चार मालकांच्या रस्त्यांवरून जाते आणि खड्डा नेमका कोणाच्या हद्दीत पडला हे शेतकऱ्याला कळतच नाही. या खात्यांपैकी एकही पांढुर्ण्याच्या निवडून आलेल्या संस्थेच्या हाताखाली नाही. खाते कोणतेही असो, त्याचा कार्यपालन यंत्री आपल्या मुख्य अभियंत्याला उत्तर देतो.

सीमेपलीकडे सावनेर-काटोलला चित्र निराळे आहे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला महाराष्ट्राचा जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२पासून अंमलात आला. ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाचे, प्राथमिक शिक्षक जिल्हा परिषदेचे, आरोग्य केंद्रही तिचेच. ती व्यवस्था निर्दोष आहे असे मुळीच नाही. २०२२पासून महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर निवडणुकांविना प्रशासक बसले, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. तरीही नागपूर जिल्ह्यातल्या माणसाला ‘हा रस्ता जिल्हा परिषदेचा’ असे म्हणता येते. पांढुर्ण्यातल्या माणसाला तसे म्हणता येईल असा रस्ता सापडणे अवघड.

ठेक्यांबाबत दोनच गोष्टी सांगतो. निविदा आता ऑनलाइन भरतात, त्यामुळे ठेका गुपचूप वाटला जाण्याचे प्रमाण कमी होईल अशी आशा होती. २०१८मध्ये मध्य प्रदेशच्याच ई-निविदा यंत्रणेत जल निगमच्या निविदांचे आकडे बदलल्याचे उघड झाले आणि २०१९मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने गुन्हा नोंदवला. यंत्रणा दूर आणि बंद खोलीत असली की चोरी उशिरा कळते. त्याउलट प्रधानमंत्री ग्रामसडकेच्या ठेक्यात एक तरतूद आहे, तिचा उपयोग गावकऱ्यांनी फार कमी केला आहे: रस्ता पूर्ण झाल्यापासून पाच वर्षे देखभाल त्याच ठेकेदाराने करायची असते, आणि रस्त्याच्या कडेला फलकावर खर्च, ठेकेदार आणि तारखा लिहिलेल्या असतात. पाच वर्षांच्या आत डांबर उखडले तर नवे टेंडर मागू नये. त्या फलकाचा फोटो काढावा आणि १८१ या सीएम हेल्पलाइनवर रस्त्याचे नाव सांगून तक्रार नोंदवावी. तक्रार एका अधिकाऱ्याकडे सुटली नाही तर वरच्याकडे जाते. हा उपाय फुकट आहे.

पैशाकडे वळू. राज्याच्या अर्थसंकल्पात पांढुर्णा जिल्ह्याचा असा एक आकडा शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. पैसा खात्याखात्यांच्या मागण्यांतून येतो. २०२१ ते २०२६ या काळासाठीचा पंधराव्या वित्त आयोगाचा निधी पंचायतींच्या खात्यात थेट आला, पण त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत गावाने आपली निवड करायची होती. ही निवड ग्रामसभेत व्हायला हवी. प्रत्यक्षात ठराव अनेकदा सचिवाच्या रजिस्टरात आधी लिहिला जातो आणि सह्या नंतर गोळा होतात.

सगळे जिल्ह्यात एकत्र बसवण्याचा एक धाडसी प्रयत्न झाला होता. दिग्विजय सिंह यांच्या सरकारने १ एप्रिल १९९९पासून ‘जिल्हा सरकार’ सुरू केले. जिल्हा योजना समितीला कामांच्या मंजुरीचे, बदल्यांचे आणि योजना ठरवण्याचे अधिकार दिले. अध्यक्षपदी प्रभारी मंत्री बसवला, हा त्यातला मोठा दोष. भोपाळचा मंत्रीच जिल्ह्यात येऊन बसला, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. २००३च्या सत्तांतरानंतर हा प्रयोग गुंडाळला गेला. माझ्या मते दोष दुरुस्त करायचा होता, प्रयोग मारायचा नव्हता. राज्यघटनेच्या २४३ झेडडी कलमानुसार या समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडायचे असतात. तीच माणसे तिथे खरोखर निर्णय घेऊ लागली तर पांढुर्णा, सौंसर, मोहगाव, लोधीखेडा इथल्या नगरसेवकाच्या मताला वजन येईल.

आज अडचण त्याच्याही आधीची आहे. इथल्या लोकांनी २०२२च्या जून-जुलैमध्ये मत दिले ते छिंदवाडा जिल्हा पंचायतीसाठी. पांढुर्णा जिल्ह्याची म्हणून जिल्हा पंचायतीची निवडणूक त्यांनी अजून पाहिलेली नाही. पाच वर्षांची मुदत २०२७मध्ये संपते. त्याच वर्षीच्या जनगणनेत पांढुर्णा पहिल्यांदा स्वतंत्र जिल्हा म्हणून मोजला जाईल. किती मराठी, किती गोंड, किती घरांना नळ, किती पोरे शाळेबाहेर, याचे जिल्ह्याचे आकडे पहिल्यांदा छापले जातील. नव्या जिल्ह्याला आपला वाटा मागायला याहून चांगला काळ येणार नाही.

तेव्हा सौंसर आणि पांढुर्ण्याच्या माझ्या मराठी बांधवांनो, २०२७च्या प्रचारात जो उमेदवार दारी येईल त्याला तीन गोष्टी लिहून मागा. जिल्ह्यातल्या प्रत्येक रस्त्याची मालकी, ठेकेदार आणि देखभालीची मुदत सांगणारी यादी हिंदीत व मराठीत पंचायतीच्या भिंतीवर लावा. जिल्हा योजना समितीची बैठक लोकांसमोर घ्या आणि तिचा ठराव ग्रामसभेत वाचून दाखवा. पटवारी आणि शिक्षकांच्या नेमणुकीत मराठी भागासाठी मराठी जाणणाऱ्यांना प्राधान्य मिळावे, म्हणून आपल्या आमदाराकरवी विधानसभेत प्रश्न लावून धरा. जो हे लिहून देणार नाही, त्याला मत देऊ नका.